एकशे चाळीस सेंटिमीटरच्या आत

पुस्तकाचं परीक्षण लिहिण्यासाठी पुस्तक वाचावं लागतं, असा एक भाबडा समज नवख्या लेखकांत आढळतो. मुरलेला परीक्षक प्रस्तावनेवर आणि मलपृष्ठावर काम भागवतो आणि मलपृष्ठावरची किंमत पाहून आपलं मत ठरवतो. मी परीक्षक नाही, बँकेतला कारकून आहे. पण किंमत पाहून मत ठरवण्याचा माझा अनुभव वीस-बावीस वर्षांचा आहे. तेव्हा ज्या थीम पार्कात मी अजून पाऊलही टाकलेलं नाही, त्याचं साद्यंत परीक्षण करण्याचा मला पुरेपूर अधिकार आहे असं मी समजतो.

अभ्यासाचं म्हणाल, तर त्यात कसूर नाही. गुढीपाडव्यापासून आमच्या नांदेडच्या घरात दरपत्रकं, नियमावल्या आणि ‘काय आणू नये’च्या याद्या यांचं सामुदायिक पारायण चालू आहे. विषय चिरंजीवांनी काढला. दहावीची परीक्षा देऊन ते मोकळे झाले आहेत आणि जूनमध्ये लातूरला जाणार आहेत. लातूरला जाणं म्हणजे काय हे मराठवाड्याबाहेरच्या वाचकाला पुढं सांगतो. आतल्या वाचकाला ते सांगावं लागत नाही; त्यानं एव्हाना उसासा सोडला असेल. तर चिरंजीव म्हणाले, “बाबा, एकदा सगळे मिळून जाऊ. मग दोन वर्षं मी काही मागणार नाही.” या वाक्याचा उत्तरार्ध ऐकून कुठलाही बाप विरघळला असता. मी विरघळलो आणि वीस हजार रुपये मंजूर केले. माणसं पाच. त्यातली एक सत्तरीची, एक वाढीच्या वयाची.

बँकेकडून आम्हाला प्रवासभाड्याची सवलत मिळते. पण ती गाडीभाड्याला, घसरगुंडीला नव्हे. शिवाय तिच्या मुदती ठरलेल्या असतात. हैदराबादच्या पावणेतीनशे किलोमीटरसाठी ती खर्ची घालणं म्हणजे मुदतठेव मोडून भेळ खाण्यासारखं आहे. तेव्हा सगळा खर्च स्वतःचा, हे पहिल्या बैठकीतच मान्य झालं.

आता स्थळ. लग्नाच्या स्थळांप्रमाणे याही बाबतीत एकेक स्थळ कागदावर फार देखणं दिसतं. माझ्या पिढीला पहिलं आठवतं ते एसेलवर्ल्ड. मुंबईत गोराईला ते १९८९ साली सुरू झालं. त्याची जाहिरात टीव्हीवर लागायची तेव्हा आम्ही नांदेडात चाळीतल्या एकुलत्या एका संचापुढं तीस जण बसायचो. त्या जाहिरातीतला पोरगा घरी जायलाच तयार नसायचा. आम्ही तिकडं जायचं कधी याची वाट पाहायचो आणि तो तिथून निघायला तयार नाही, याचा मला फार राग यायचा. आता एसेलवर्ल्डच बंद झालं आहे. तो पोरगा अखेर घरी गेला असावा.

दुसरं स्थळ खोपोलीचं इमॅजिका. हे २०१३ सालचं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला लागून आहे, म्हणजे ज्यांच्याकडे मोटार आहे आणि जे द्रुतगतीनं जातात त्यांच्या सोयीचं. नांदेडहून तिथं जायचं तर आधी पुणं, मग मुक्काम, मग खोपोली. मुक्कामाचा खर्च मांडल्यावर वीस हजार रुपये खोपोलीच्या अलीकडंच संपत होते. तिसरं स्थळ शिर्डी. तिथं आता पाण्याची उद्यानंही आहेत आणि साई तीर्थ नावाचं भक्तीचं थीम पार्कही आहे. नांदेडहून नगरसूलला थेट गाड्या जातात, तिथून शिर्डी जवळ. दर्शनाला दर्शन आणि घसरगुंडीला घसरगुंडी असा हा दुहेरी योग सौ.ला पटला होता. चिरंजीवांनी मात्र नकाराधिकार वापरला. देवाला जाऊन आलं की पुन्हा ‘फिरायला नेलं होतं’ असं कायम ऐकावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. मुलं आपल्या वाटतात तितकी लहान नसतात.

राहिलं हैदराबाद. तिथं रामोजी फिल्म सिटी १९९६ पासून आहे, आणि वंडरला २०१६ पासून. नांदेडच्या माणसाला परमेश्वरानं मुंबईपासून सहाशे किलोमीटरवर टाकलं आणि हैदराबादपासून त्याच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर. आमचं सरकार मुंबईला आणि आमच्या रेल्वेचं मुख्यालय सिकंदराबादला. १९५६ पर्यंत तर आमची राजधानीच तिकडं होती. आमच्या आईचे वडील कोर्टाच्या तारखांना हैदराबादला जायचे, हे ती अजून सांगते. त्यामुळं हैदराबादचं नाव निघताच ती म्हणाली, “मग त्यात काय! हैदराबाद काय परगाव हाय का?” कोर्टाच्या तारखेऐवजी यावेळी घसरगुंडी, एवढाच फरक.

आता मुख्य परीक्षणाकडे वळू. कुठल्याही कलाकृतीचा विचार संहितेपासून करावा म्हणतात. थीम पार्कची संहिता म्हणजे दरपत्रक. त्यात सर्वांत नवी कल्पना कोणती असेल, तर ती उंचीची. एस.टी. वय विचारते, रेल्वे वय विचारते. वयाच्या बाबतीत बापाचा शब्द हाच पुरावा असतो, आणि मराठी मूल एस.टी.त बसलं की मिसरूड फुटेपर्यंत अकराच वर्षांचं राहतं. या उद्यानवाल्यांनी बापाच्या शब्दावरचा विश्वास काढून घेतला आणि दारात मोजपट्टी उभी केली. आमच्यापुढच्या दरपत्रकाप्रमाणे ८५ सेंटिमीटरच्या आत फुकट, ८५ ते १४० म्हणजे मूल, आणि १४० च्या वर प्रौढ. आमच्या बँकेत सज्ञान व्हायला अठरा वर्षं लागतात; इथं दीड सेंटिमीटर पुरतो.

दीड हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर कन्येच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. पाडव्याला ती १३८.५ भरली. वर्षभर जिच्यामागं सौ. दुधाचा पेला घेऊन पळत असते, त्या मुलीला गेल्या महिन्याभरात ‘दूध पी’ असं कुणी म्हटलेलं नाही. कन्येनं ते ताडलं आणि दूध मागून प्यायला सुरुवात केली. मी रोज संध्याकाळी बँकेतून आलो की चौकटीकडं बघतो. शेवटी आईनं मला हटकलं. “लेकरू वाढायलंय तर वाढू द्या की बाप्पा. तिकिटापायी कामून मोजायलाव रोज?” या कलाप्रकारावर आजवर झालेली ही सर्वांत नेमकी टीका. जिथं मूल वाढल्याचं बापाला वाईट वाटू लागतं, त्या दरपत्रकात कुठंतरी पाणी मुरतं आहे.

यानंतर संहितेतला दुसरा गुण पाहू. हा कलाप्रकार अमेरिकेतला. त्याचा आद्यग्रंथ म्हणजे डिस्नेलँड. ते १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात अनाहाइम या गावी, संत्र्यांच्या बागा तोडलेल्या जागेवर उघडलं. सुरुवातीला त्याचं दार स्वस्त होतं आणि आत प्रत्येक पाळण्याचे वेगळे पैसे. पाळण्यांना ए, बी, सी अशा इयत्ता होत्या, आणि १९५९ पासून सर्वांत भारी पाळण्यांसाठी ‘ई’ तिकीट. १९८२ मध्ये ही तिकीटपुस्तकं बंद झाली. दारातच एकरकमी पैसे घ्यायचे आणि आत माणसाला मोकळं सोडायचं, अशी पद्धत आली. मालकाला यातली कोणती पद्धत फायद्याची, यावर वॉल्टर ओय नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९७१ सालीच एक गाजलेला निबंध लिहिला होता. त्याच्या शीर्षकात डिस्नेलँडही आहे आणि मिकी माऊसही. बी. कॉम.च्या भाषेत सार सांगायचं तर आतले पाळणे स्वस्त करावेत, आणि त्यामुळं गिऱ्हाइकाला जो जादा आनंद होईल त्याची किंमत दारावरच काढून घ्यावी. आनंद व्हायच्या आधी आनंदाची वसुली! कर्ज देतानाच व्याज कापून घेणारे सावकार आमच्याकडं फार पूर्वीपासून हे करत आले. त्यांच्यावर मात्र निबंध कुणी लिहिला नाही.

आमच्याकडचा मूळ कलाप्रकार म्हणजे जत्रा. नांदेड जिल्ह्यात माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवं यांचा बाजार, तमाशाचे फड, आकाशपाळणे, मौत का कुआँ. लातूरला महाशिवरात्रीला सिद्धेश्वराची यात्रा. तिथं दार नाही, त्यामुळं दाराचे पैसे नाहीत. पाळण्यात बसलात तर पाळण्याचे पैसे द्या, नाही तर खाली उभं राहून दुसऱ्याच्या किंकाळ्या फुकट ऐका. जत्रेतला प्रेक्षक फुकटचा असतो, आणि म्हणूनच तो खरा टीकाकार असतो. “पाळणा सावकाश फिरवायलाय, बसू नको” असा अभिप्राय तो जागेवर देतो आणि पाळणेवाल्याचा धंदा बसवतो. थीम पार्कात हे शक्य नाही. तिथं सगळ्यांनीच पैसे भरलेले असतात, आणि पैसे भरलेला माणूस वाईट बोलत नाही. तो ‘वसूल’ करतो. पोटात ढवळत असतानाही सहाव्यांदा पाळण्यात बसणारा माणूस मजा करत नसतो, हिशेब पुरा करत असतो.

आईचंच पाहा. ती कुठल्याही पाळण्यात बसणार नाही. ती झाडाखाली पिशव्या घेऊन बसणार. तिला ज्येष्ठांची सवलत धरूनही तिकीट आहेच. म्हणजे पिशव्या सांभाळायचे पैसे पिशव्या सांभाळणाऱ्यानंच द्यायचे. त्यावर पुन्हा कर. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा या उद्यानांवर तो २८ टक्के होता, जानेवारी २०१८ पासून १८ टक्क्यांवर आला. झाडाखाली बसण्यावरचा कर दहा टक्क्यांनी कमी झाला, हे आईला मी अजून सांगितलेलं नाही.

मी जत्रेची एवढी बाजू लावून धरली तेव्हा सौ.नं एकच प्रश्न विचारला. “जत्रेत बायकांसाठी संडास कुठं असतो ते सांगा.” मी माळेगावला अनेकदा गेलो आहे, पण या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. कारण मला ते कधी लागलंच नव्हतं. परीक्षकानं प्रामाणिक असावं म्हणून ही नोंद करतो. स्वच्छ मोरी, कपडे बदलायला कडी असलेली खोली, पाळण्याचा पट्टा दोनदा ओढून पाहणारा माणूस आणि गर्दीत धक्का मारणाऱ्याला हटकणारा पहारेकरी, हे सगळं त्या तिकिटात येतं. जत्रेतला ‘मोकळेपणा’ बहुतेक पुरुषांनीच वर्णन केलेला असतो.

आता नेपथ्य. डिस्नेलँडभोवती मातीचा उंच बांध घातलेला आहे, आत गेलेल्याला बाहेरचं जग दिसू नये म्हणून. आमच्याकडं बांध घालतात तो पाणी अडवायला, किंवा भावाभावांत भांडण लावायला. जग अडवण्यासाठी बांध ही कल्पना मात्र थोर आहे. आत गेलं की बाहेरचा भाव, बाहेरचा पाऊस, बाहेरचा हप्ता, काही दिसत नाही. बाहेरचं धपाटंही दिसत नाही. कारण बहुतेक उद्यानांच्या दारात पिशव्या तपासतात आणि खाण्याचे पदार्थ बाहेर ठेवायला लावतात. मराठवाड्यातला माणूस दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याच्या चटणीवाचून तालुक्याच्या बाहेर पडत नाही. आमच्याकडं शिदोरी काढून घेणं हे शस्त्र काढून घेण्यापेक्षा वाईट. आणि आम्ही राहतो ते गाव कुठलं, तर नांदेड! इथं सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरात कुणीही यावं, पंगतीत बसावं, पोटभर जेवावं. कुणी नाव विचारत नाही, मग उंची तर लांबच. अशा गावच्या माणसानं एका वड्याला किती द्यावेत हा अर्थशास्त्राचा प्रश्न नाही, संस्काराचा आहे. सौ.नं त्यावर तोडगा काढला आहे. सकाळी गाडीतून उतरल्यावर, दाराच्या अलीकडं, प्रत्येकानं तीन-तीन धपाटे खायचे. पोटात घातलेलं कुणी काढून घेत नाही.

कथानकाविषयी थोडं. थीम पार्कचं मुख्य कथानक म्हणजे रोलर कोस्टर. हे यंत्र मला समजावून घेतल्यावर फार आवडलं. बहुतेक कोस्टरांच्या गाडीला स्वतःचं इंजिन नसतं. एक साखळी तिला पहिल्या, सर्वांत उंच चढावर ओढून नेते आणि सोडून देते. त्यानंतरचे सगळे चढ, वळणं, उलटेपालटे फेरे त्या पहिल्या उंचीच्या जोरावर. वाटेत घर्षणानं थोडं थोडं गमावत जायचं, म्हणून पुढचे चढ पहिल्यापेक्षा बुटके ठेवावे लागतात. एक तारखेला पगाराच्या टोकावर चढवून सोडलेल्या माणसाला यात नवीन काही नाही. दहा तारखेचा चढ, वीस तारखेचं वळण, आणि पंचविसाव्या तारखेला डोकं खाली पाय वर. हा प्रवास मी दरमहा करतो, आणि ओरडतही नाही. फरक एवढाच की कोस्टरवर पट्टा बांधलेला असतो.

पण या सगळ्या कलाप्रकारात ज्या अंकावर आमच्या घरात खरी शांतता पसरली, तो पाण्याचा अंक. आमच्या सौ.चं माहेर लातूर. एप्रिल २०१६ हे वर्ष आणि महिना लातूरकर विसरत नाही. पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून त्या मार्चमध्ये जमावबंदी लावावी लागली होती, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोचली. दहा टाक्या, पाच लाख लिटर. पुढं पन्नास टाक्यांच्या गाड्या आल्या. माझ्या सासूबाई तेव्हा भांडी घासलेलं पाणी झाडाला आणि आंघोळीचं पाणी संडासला, असा दुहेरी नोंद पद्धतीनं हिशेब ठेवायच्या. माझ्या आयुष्यात मी इतका चोख ताळेबंद पाहिलेला नाही. आणि त्याच एप्रिल महिन्यात, त्याच दख्खनच्या पठारावर, हैदराबादला हे लाटांच्या तलावाचं उद्यान उघडलं. यात कुणाची चूक नाही. असली उद्यानं तेच पाणी गाळून, शुद्ध करून पुन्हा पुन्हा फिरवतात. टँकरच्या रांगेतलं पाणी पळवत नाहीत. तरीसुद्धा लाटांच्या तलावाचं चित्र पाहून सौ. बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “हे सगळं पाणी संध्याकाळी कुठं जातं?”

चिरंजीवांनी गाळणयंत्राची माहिती दिली. तिचं समाधान झालं की नाही, कळलं नाही. ती म्हणाली, “मी येईन. पण मला दहा मिनिटं त्या पाण्यात नुसतं उभं राहू द्या. कुणी हाका मारू नका.” दरपत्रकातल्या कुठल्याही घसरगुंडीच्या वर्णनात मला एवढी तहान दिसली नव्हती. तिचं तिकीट महाग आहे असं मी त्यानंतर म्हटलं नाही.

राहता राहिली रांग. मोठ्या सुट्टीच्या दिवशी दोन मिनिटांच्या पाळण्यासाठी पाऊण-पाऊण तास उभं राहावं लागतं, असं जाऊन आलेले सांगतात. हे ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. आमच्या काउंटरपुढं सात मिनिटं उभं राहावं लागलं तर लोक देशातल्या बँकिंग व्यवस्थेचं भवितव्य सांगतात, “साहेबांचं जेवण झालं का?” म्हणून विचारतात, आणि तेही स्वतःचे पैसे घ्यायला आलेले असताना. तेच लोक तिथं पैसे देऊन उभे राहतात आणि हसतात. यावर उद्यानवाल्यांनी पुन्हा उतारा काढला आहे. जास्तीचं तिकीट घ्या आणि रांग चुकवा. तिरुपतीला ३०० रुपयांचं विशेष दर्शन असतं, त्याचीच ही ऐहिक आवृत्ती. वीस हजारांत हे तिकीट बसवण्यासाठी चिरंजीव चार दिवस आकडेमोड करत होते. माझाही कल तिकडंच होता. कमी वेळात जास्त पाळणे, म्हणजे प्रतिपाळणा खर्च कमी. परिव्यय लेखाशास्त्र याच्या बाहेर नाही.

आता लातूरबद्दल सांगतो. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत बोर्डाच्या गुणवत्ता याद्या लातूरच्या नावांनी भरू लागल्या आणि ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द मराठीत रुजला. सतत सराव, सतत चाचण्या, चुकलेलं पुन्हा, पुन्हा चुकलेलं आणखी पुन्हा. गरिबाघरची, खेड्यातली कितीतरी पोरं त्या जोरावर डॉक्टर झाली. आमच्याच गल्लीत दोन आहेत, आणि त्यांतला एक आईची नाडी फुकट बघतो. तेव्हा मी या पॅटर्नची कुचेष्टा करणार नाही. आता नांदेडलाही तसेच क्लास आहेत. पण नांदेडची पोरं लातूरला आणि लातूरची नांदेडला, असा व्यवहार चालू असतो; घरच्या पाण्यावर कुणाची पचनशक्ती वाढत नाही म्हणतात.

मात्र परीक्षक म्हणून दोन्ही माहितीपत्रकं मी जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि गंमत वाटली. इकडं उद्यानाचं, तिकडं क्लासचं. दोन्हीकडं चकचकीत कागद, दोन्हीकडं हसणारी पोरं, दोन्हीकडं पैसे आधी, एकरकमी. दोन्हीकडं परताव्याचा नियम बारीक अक्षरात. इकडं दारात १४० ची मोजपट्टी, तिकडं ७२० ची. इकडं उंची भरली नाही तर पाळण्यात बसू देत नाहीत, तिकडं गुण भरले नाहीत तर वेगळ्या तुकडीत बसवतात. इकडचा बांध जग दिसू नये म्हणून, तिकडंही तेच. मोबाइल जमा, सणावाराला सुट्टी नाही. चढ एकच, सुरुवातीचा, त्यानंतर सगळं त्या जोरावर. एकच फरक. इकडं संध्याकाळी सात वाजता दार बंद होतं आणि आपलं पोर आपल्या हाताला धरून बाहेर येतं.

हा फरक लक्षात आला तेव्हा मला तिरुपतीची रांग आठवली. पंचवीस वर्षांपूर्वी, नोकरी लागल्यावर, मी वडिलांना घेऊन तिथं गेलो होतो. विशेष तिकिटाचे पैसे खिशात नव्हते म्हणून साध्या रांगेत. त्या बंद खोल्यांतून आम्ही सात-आठ तास बसून होतो. वडील अबोल. घरात मोजून बोलायचे, रोजच्या वहीत दोन ओळी लिहाव्यात तसे. पण तिथं करायला काहीच नव्हतं. उठता येत नव्हतं, पेपर नव्हता. तिसऱ्या तासाला त्यांनी आपण होऊन १९७२ च्या दुष्काळाची गोष्ट काढली. वीस वर्षांचे होते. खडी फोडायला जायचे. सुकडी मिळायची ती निम्मी खाऊन निम्मी धाकट्या बहिणीसाठी बांधून आणायचे. एके दिवशी भूक आवरली नाही आणि सगळी वाटेतच खाल्ली. बहीण दारात उभी होती. तिनं विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. एवढंच. मग रांग पुढं सरकली. देवदर्शन झालं ते डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच. त्यातलं मला आज फारसं आठवत नाही. वडील जाऊन आता नऊ वर्षं झाली. त्यांच्याविषयी मला जे माहीत आहे, त्यातलं निम्मं त्या रांगेतलं आहे.

तेव्हा माझं परीक्षण मी पुढीलप्रमाणे संपवतो. थीम पार्क हा कलाप्रकार आम्हा मंडळींसाठी महाग आहे. त्याची संहिता हिशेबी, नेपथ्य भडक, खाणं अवाजवी, आणि म्हाताऱ्या माणसाची भूमिका त्यात लेखकानं लिहिलेलीच नाही. पाळणे चांगले असावेत. पण दोन मिनिटांच्या त्या घबराटीसाठी वीस हजार रुपये मी मंजूर करणार नाही. मात्र त्या पाळण्यांसाठी लागणारी पाऊण-पाऊण तासाची रांग मला रास्त भावाची वाटते. दिवसात सहा पाळणे धरले तर साडेचार तास होतात. पंधरा वर्षांचा मुलगा बापाशेजारी साडेचार तास उभा, मोबाइल लॉकरमध्ये, पुढं जाता येत नाही, मागं फिरता येत नाही. हा योग नांदेडच्या घरात गेल्या तीन वर्षांत आलेला नाही, आणि जूननंतर येईल असं दिसत नाही. पाच माणसांत भागला तर हा दर लातूरच्या कुठल्याही क्लासच्या तासाहून स्वस्त पडतो.

म्हणून ठराव असा झाला आहे. शाळांना सुट्टी आहे तोवर, कन्या १३९ वर आहे तोवर, रात्रीच्या गाडीनं हैदराबादला जायचं. धपाटे दाराच्या अलीकडं खायचे. सौ.ला तलावात दहा मिनिटं कुणी हाक मारायची नाही. रांग चुकवायचं तिकीट घ्यायचं नाही. या कलमाला चिरंजीवांनी विरोध नोंदवला, तो इतिवृत्तात घेतला आहे. कारण मी त्यांना सांगितलेलं नाही. खर्च वाचतो, एवढंच सांगितलं, आणि माझ्या बाबतीत ते कुणालाही पटतं.

आईची एक सूचना विचाराधीन आहे. ती म्हणते, झाडाखाली एकटीनं बसून पिशव्या राखण्यापेक्षा तीही रांगेत येईल. पाळणा आला की बाजूला होईल. तसं चालतं का, आणि रांगेत म्हाताऱ्या माणसाला टेकायला काही असतं का, याचा खुलासा कुठल्याच माहितीपत्रकात सापडला नाही. पुढच्या आवृत्तीत त्यांनी तो करावा.